मंडळाने मशीन घ्यावे, पण कोणते?



येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला ‘शिवणयंत्र खरेदी’ असा विषय आहे. तो वाचून तिघांचे फोन आले. एकांनी विचारले, मंडळ आता शिवणवर्ग काढणार का? दुसऱ्यांनी विचारले, वर्गणी वाढणार का? तिसरे नुसतेच हसले. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हसणाऱ्यांसाठी मात्र जरा सविस्तर लिहावे लागेल, आणि सभेत पाच मिनिटांत ते जमणार नाही, म्हणून आमचे मत इथे आधीच मांडून ठेवतो. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, शिंपी नव्हे. पण गेल्या गणेशोत्सवाने आम्हाला शिवणयंत्राचा अभ्यास करायला भाग पाडले.

झाले ते असे. सभागृहाच्या हाउसमाइस्टरने आपल्या नाटकाचा जुना पडदा पाहिला आणि बी-१चे प्रमाणपत्र मागितले. सार्वजनिक सभागृहातला रंगमंचाचा पडदा सहजी पेट न घेणाऱ्या कापडाचाच असावा लागतो. डीआयएन ४१०२ प्रमाणे बी-१ म्हणतात ते हेच. आपल्याकडे प्रमाणपत्र नव्हते, कारण तो पडदा म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यातले चार पडदे जोडून केलेला होता. माणूस बरोबर बोलत होता, त्याला दोष नाही. मग आपण बी-१ मोल्टन आणले, चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे. (जाता जाता: हे कापड धुवायला टाकू नका. साध्या मोल्टनवरचा अग्निरोधक लेप बहुधा क्षारांचा असतो आणि पाण्यात निघून जातो. मग पडदा राहतो, बी-१ जाते.) त्याच सुमारास सुगम संगीताच्या बैठकीसाठी लोड-तक्क्यांच्या १६ नव्या खोळी शिवायचे ठरले, तेही टेपेस्ट्रीच्या जाड कापडात, कडेला पायपिंग लावून.

मंडळातल्या एका वहिनींनी आपले नवे मशीन आपणहून आणून दिले. खोक्यावर जीन्सचे चित्र होते. पहिल्या तीन खोळी बऱ्या झाल्या. चौथीच्या कोपऱ्यात सुई मोडली, मग दुसरी, मग तिसरी. शुक्रवारी रात्री पडद्याच्या वरच्या कडेला नवारीची पट्टी लावताना ‘कट्’ असा आवाज झाला. त्यानंतर हाताचे चाक फिरे, पण सुई हलेना. दुरुस्तीवाल्याने सांगितले की आतल्या गिअरचे दाते गेले आहेत आणि दुरुस्तीत नवे मशीन येईल. पडद्याची उरलेली कड एका सभासदाच्या आईंनी (आम्ही सगळेच त्यांना काकू म्हणतो, त्या तेव्हा रत्नागिरीहून आल्या होत्या) गोधडीच्या सुईने रात्री अडीचपर्यंत बसून हाताने टाचली. काही ठिकाणी सेफ्टी पिना होत्या, त्या पहिल्या तीन रांगांना दिसल्या असतील.

वहिनी "असू द्या हो" म्हणाल्या. मंडळाने पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. आम्ही तिथे होतो, आणि ‘असू द्या’ म्हणतानाचा त्यांचा चेहरा आम्ही पाहिला. त्यांनी ते मशीन स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतले होते. दुसऱ्याच्या घरची वस्तू मागून आणायची, तिच्याकडून तिला न झेपणारे काम करून घ्यायचे आणि ती मोडली की गोड बोलून परत करायची, ही मंडळाची पद्धत होऊ नये. सहावा विषय त्यासाठी आहे.

आता यंत्राविषयी. दोष त्या मशीनचा म्हणावा का? आम्ही म्हणणार नाही. ब्लाउज, परकर, मुलांचे कपडे, साडीचा फॉल यांसाठी ते उत्तम होते, आणि आतला गिअर प्लॅस्टिकचा असणे हे काही पाप नाही. हलक्या कामाला तो वर्षानुवर्षे टिकतो आणि आवाजही कमी करतो. चूक आमची, कारण खोक्यावरच्या चित्राचा अर्थ आम्ही नीट लावला नाही. जीन्सच्या पायाची दुमड शिवता येणे वेगळे आणि सोफ्याची खोळ शिवणे वेगळे. साधा हिशेब करून पाहा. पायपिंग लावलेल्या शिवणीत वरच्या बाजूचा एक थर, कडेच्या पट्टीचा एक, आणि दोरीभोवती गुंडाळलेल्या पट्टीचे दोन, असे चार थर येतात. जिथे पायपिंगच्या पट्टीचा जोड कोपऱ्यावर येतो तिथे आठ. तेवढी जाडी दाबणाऱ्या पायाखाली मावतच नाही. आपण ती कोंबतो, सुई तिरकी होते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. घरगुती मशीनचा पाय साधारण ६ ते ८ मिलिमीटर उचलतो. कारखान्यातल्या सोफ्याच्या मशीनचा, उदाहरणार्थ जपानच्या जुकीच्या डीएनयू-१५४१ चा, हाताने ९ आणि गुडघ्याच्या दांड्याने १६ मिलिमीटर उचलतो.

दुकानदार मात्र आपल्याला वॅट सांगतो. "हे बघा, मोटर किती जोरदार!" वॅटवर फार जाऊ नये. जुन्या लोखंडी घरगुती मशीनची मोटर बहुधा ७०-८० वॅटचीच असते आणि तरी ती कॅनव्हास शिवते. खरा फरक आहे कापड पुढे सरकवण्यात, आणि ही गोष्ट जाहिरातीत फारशी येत नाही. साध्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे ढकलतात. वरचा पाय नुसता दाबून बसतो. पातळ सुती कापडाला तेवढे पुरते. मखमल, मोल्टन किंवा रेक्झिन घेतले की खालचा थर दात्यांबरोबर पुढे जातो आणि वरचा पायाला अडून मागे राहतो. दोन मीटरची शिवण संपता संपता वरचे कापड दोन बोटे जास्त उरते. आमच्या पहिल्या तीन ‘बऱ्या’ खोळी जरा वाकड्या दिसतात त्याचे कारण हेच. कुणी बसताना पाहिले नसेल तर बरेच आहे. सोफ्याच्या मशीनमध्ये खालचे दाते, कापडात रुतलेली सुई आणि वरचा चालता पाय हे तिघे मिळून सगळे थर एकदम पुढे नेतात. जर्मनमध्ये याला ‘ड्रायफाख-ट्रान्सपोर्ट’ म्हणतात. जुन्या मशीनच्या जाहिरातीत हा शब्द असेल तरच पुढे वाचावे.

गंमत म्हणजे आपण ज्या देशात राहतो तिथे शिवणयंत्राची सुरुवातच जाड मालापासून झाली, निदान आपल्या जवळच्या कायझर्सलाउटर्नमध्ये तरी. गेओर्ग मिखाएल प्फाफ हा मूळचा पितळी वाद्ये बनवणारा कारागीर. त्याने १८६२ साली हाताने पहिले यंत्र बनवले ते बुटांचे कातडे शिवण्यासाठी. पुढे त्याच गावात मोठा कारखाना उभा राहिला. पूर्वेकडे विटेनबेर्गेला सिंगरने १९०३-०४ च्या सुमारास कारखाना काढला, युद्धानंतर तिथेच ‘वेरिटास’ नावाची यंत्रे बनत आणि एकीकरणानंतर लगेच तो बंद पडला. प्फाफने १९९९ मध्ये दिवाळे काढले. घरगुती मशीन आज त्याच नावाने मिळतात, पण कंपनी दुसरी आणि कारखाना कायझर्सलाउटर्नला नाही. कारखानी यंत्रांचा विभाग आणि बीलेफेल्डची ड्युरकोप आडलर हे दोन्ही आता शांघायच्या शांगगाँग समूहाकडे आहेत. कायझर्सलाउटर्नच्या जुन्या आवारात नवी वस्ती होऊ घातली आहे. आमच्या सारख्यांना याचा फायदा इतकाच की या देशातल्या तळघरांत, माळ्यांवर आणि मिटलेल्या पोल्स्टर-कारागिरांच्या दुकानांत जुनी लोखंडी यंत्रे अजून पडून आहेत आणि ती विकत मिळतात.

घरगुती गरजेसाठी आमचे मत विचाराल तर: ज्यांना वर्षातून एकदा सोफ्याची खोळ, एखादी तंबूची दुरुस्ती किंवा आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायची आहे, त्यांनी नवे ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले मशीन घेण्यापेक्षा प्फाफ १३० किंवा २३० सारखे जुने, धातूच्या गिअरचे मशीन पाहावे. गोधडी मशीनवर शिवावी की नाही हा वेगळा वाद आहे; काकूंपुढे तो काढू नये. घेण्यापूर्वी आपलेच जाड कापड बरोबर न्यावे, विक्रेत्याची पातळ चिंधी चालवून पाहू नये. आठ घड्या घालून आधी नुसते हाताने चाक फिरवून शिवावे. हाताने शिवले तर मोटरने शिवेल. वायरी बघाव्यात: जुन्या रबरी वेष्टणाचे वर्षांनी खडूसारखे तुकडे पडतात, आणि आत २३० व्होल्ट असतात. अशी वायर दिसली की मशीन भले घ्या, पण वायर बदलून मगच चालू करा.

आणि सुई-दोऱ्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण निम्मी मशीन त्यापायी बदनाम होतात. इथला ‘१००’ नंबर म्हणजे सुईची जाडी एक मिलिमीटर. नंबर वाढला की सुई जाड. दोऱ्याचे उलट: तिथे नंबर वजनाच्या मानाने लांबी सांगतो, म्हणून नंबर कमी तितका दोरा जाड. साध्या शिवणीचा दोरा १२० चा, खोळीला ४० चा घ्यावा आणि त्याला ११० ची सुई लावावी. आम्ही टेपेस्ट्रीला ८० ची सुई लावली होती. पुढे काय झाले ते वर आलेच आहे. इथल्या १३०/७०५ जातीच्या सुया आणि आपल्याकडच्या उषाच्या एचए×१ सुया एकाच मापाच्या, तेव्हा भारतातून आणलेली पाकिटे वाया जात नाहीत. कातड्याची सुई मात्र कापडाला लावू नये, तिचे टोक धारदार असते आणि धागे कापते. उन्हात राहणाऱ्या गादीला सुती दोरा नको, तो कुजतो. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर ऊन चांगले सोसते.

तेलाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय आम्हाला राहवत नाही, कारण हा आमचा विषय. काकू रत्नागिरीला आपल्या मशीनला खोबरेल तेल घालतात आणि ते कधी अडले नाही. इथे त्यांनी लेकीच्या मशीनला तेच घातले, मशीन तळघरात गेले आणि जानेवारीत चाक हलेना. खोबरेल २४ अंशांखाली गोठते. ते मशीन नुसते उबेला आणून ठेवले आणि सुटले. सूर्यफुलाचे तेल याहून वाईट: ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू राळेसारखे घट्ट होते, जवसाचे तेल रंगात वाळते तसे, आणि मग ऊब देऊनही सुटत नाही. ‘जाम’ म्हणून स्वस्तात विकली जाणारी कित्येक जुनी मशीन खरे तर मोडलेली नसतात, जुन्या तेलाने चिकटलेली असतात. तिथे थेंब थेंब पेट्रोलियम सोडायचे, थोपटत थोपटत चाक हलवायचे, दोन दिवस वाट पाहायची, पुसायचे आणि मग शिवणयंत्राचे पांढरे खनिज तेल घालायचे. खिडकी उघडी ठेवून, आणि जवळ मेणबत्ती नको.

आता मंडळाने काय घ्यावे? कार्यकारिणीत तीन मते आहेत. एक म्हणजे सवलतीच्या सुपरमार्केटमधले नवे मशीन, ‘मोडले तर मोडले’ म्हणून. याला आमचा ठाम विरोध आहे; मोडणार हे माहीत असताना घेणे म्हणजे वर्गणीदारांचे पैसे कचऱ्यात टाकणे. दुसरे मत संगणकावर चालणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या मशीनचे. ते सुंदर असते, आणि आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. तिसरे, वापरलेले ड्रायफाख-ट्रान्सपोर्टचे सोफ्याचे मशीन, टेबलासकट. आमचे मत तिसऱ्याला. तयार पडद्याचे जे कोटेशन आपल्याला मिळाले होते त्याहून कमी पैशांत, म्हणजे ७५० युरोला, एक प्फाफ १२४५ आम्ही पाहून ठेवले आहे.

त्याचे दोष लपवत नाही. ते फक्त सरळ शिवण घालते. काज, झिगझॅग, पिको काही नाही. त्यावर ब्लाउज शिवायला बसाल तर कापडाला भोके पडतील. ते जड आहे, दोघांना उचलत नाही. जुन्या यंत्रांना पुष्कळदा ४०० व्होल्टची तीन फेजची मोटर असते आणि आपल्या खोलीत तशी जोडणी नाही. या मशीनलाही तीच आहे, तेव्हा साध्या प्लगवर चालणारी सर्वो मोटर बसवावी लागेल, तो खर्च वेगळा धरावा. सर्वोचा दुसरा फायदा असा की ती पाय ठेवल्याबरोबर सुसाट सुटत नाही. जुनी क्लच मोटर नवख्याचे बोट सुईखाली घेते. आणि ती सतत गुणगुणतही नाही. रात्री दहानंतर आणि रविवारी मशीन चालवायचे नाही हे तरीही ठरवून घ्यावे. घरमालकाने आपल्याला ती खोली देताना ढोलकीबद्दल जे सांगितले होते ते सर्वांना आठवत असेल.

"वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला इतका खर्च?" असा प्रश्न येणार. आपल्या यादीत पडदा आहे, खोळी आहेत, लेझीमच्या पथकाचे झेंडे आहेत, मखराची कनात आहे. शिवाय सभासदांनी घरची जाड कामे तिथे येऊन करावीत, दोरा-सुई आपली आणि तासाला थोडी देणगी. किल्ली शिकलेल्या दोघांकडे राहावी आणि लहान मुलांना त्या खोलीत एकटे सोडू नये. याहून जास्त नियम करू नयेत, नाहीतर मशीनपेक्षा नियमावली जड होईल.

एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण त्यात कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न आहे. मंडळात नव्याने आलेल्या एक ताई इचलकरंजीला शिवणकाम करत. त्यांनी विचारले, या मशीनवर बाहेरची सोफ्याची कामे घेता येतील का? त्यांचा हात आम्ही पाहिला आहे, त्या आम्हा सर्वांपेक्षा सरस आहेत. पण इथे कायदा आडवा येतो. सोफे मढवणे, पडदे लावणे हा ‘राउमआउसश्टाटर’चा व्यवसाय, २००४ मध्ये त्याची माइस्टरची अट गेली होती, ती फेब्रुवारी २०२० पासून परत आली. स्वतःचा धंदा म्हणून ते काम करायचे तर माइस्टर हवा. कपड्यांची दुरुस्ती आणि फेरबदल, म्हणजे ‘ऍन्डरुंग्स-श्नायडर’, याला माइस्टर लागत नाही. गेवेर्बेची आणि हांडवेर्क्सकामरची नोंदणी मात्र करावी लागते. तेव्हा ताईंनी त्या वाटेने जावे असे आम्हाला वाटते, आणि आधी कामरमध्ये जाऊन विचारावे. भाषेसाठी आमच्यापैकी कुणीही बरोबर येईल. आपल्या परवान्यावर कामाविषयी काय लिहिले आहे तेही वाचून जावे. मंडळाच्या मशीनवर मंडळाच्याच खोळी शिवल्या जाव्यात, धंदा नव्हे. नाहीतर उद्या हिशेब तपासणारे आपल्यालाच विचारतील. पण ताईंनी दोघांना शिकवले तर मंडळाने त्यांना रीतसर मानधन द्यावे. ‘आपल्याच आहेत’ म्हणून फुकट नको. ही सूचना आम्ही सभेत वेगळी मांडणार आहोत.

आणि त्या वहिनींच्या मशीनचे पैसे. त्यांनी घेतले नाहीत म्हणून तो विषय संपला असे खजिनदार म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. त्याच किमतीचे त्याच जातीचे मशीन आणून त्यांच्या दारात ठेवावे, खर्च सहाव्या विषयातच धरावा, आणि त्यावर चर्चा न करता हात वर करावेत.

१२४५ बघायला येत्या शनिवारी सकाळी दहाला निघायचे आहे. मोल्टनचा उरलेला तुकडा, नवार आणि टेपेस्ट्री आम्ही बरोबर घेऊ. मोठी गाडी असलेले एक आणि पाठ धड असलेले तीन सभासद हवे आहेत. ताई येणार आहेत; मशीन चालते की नाही ते त्या सांगतील, आम्ही नव्हे.